गाळातील कोळशाची साक्ष आणि तिचे दप्तर

कल्याणहून माळशेज घाट चढून ओतुरास येणाऱ्या प्रवाशाच्या डोळ्यांसमोरून थोड्याच अंतरात दोन भिन्न प्रदेश सरकून जातात. घाटमाथ्यालगतचा पश्चिम भाग अतिपावसाचा, भातखाचरांचा व हिरड्याच्या रानांचा आहे. पूर्वेकडे पाऊस झपाट्याने उणावतो आणि बाजरीचा माळ सुरू होतो. या दोहोंच्या सीमेवर, मांडवी नदीच्या काठी, कपर्दिकेश्वराच्या देवळामुळे प्रसिद्ध असलेले ओतूर वसले आहे. फाल्गुन-चैत्रात या परिसरातील डोंगरउतारांवर वाळलेले गवत पेटते, तर पावसाळ्यापूर्वी पश्चिमेकडील गावांत भाताच्या रोपांसाठी राब भाजले जातात. मृगाच्या पहिल्या जोरदार सरी येतात तेव्हा जळलेल्या काड्यांचे काळे कण मातीबरोबर ओहोळात, ओहोळातून नदीत व अखेर एखाद्या डोहाच्या किंवा तळ्याच्या तळाशी जाऊन बसतात. दरवर्षी त्यावर नवा थर चढतो. मनुष्य विसरून गेलेल्या आगींची ही एक नैसर्गिक वही होय.

ही वही वाचण्याचे शास्त्र गेल्या ऐंशीएक वर्षांत चांगले विकसित झाले आहे. डेन्मार्कचे योहानेस इव्हर्सन यांनी १९४१ मध्ये गाळातील परागकणांच्या जोडीने कोळशाचे थर अभ्यासून आद्य शेतकऱ्यांनी रान जाळून जमीन मोकळी केल्याचा पुरावा पुढे मांडला. तेव्हापासून जगाच्या अनेक भागांत असे अभ्यास झाले. तथापि वही वाचणे ही एक गोष्ट आणि वाचलेले पुढील पिढीच्या हाती सुस्थितीत देणे ही दुसरी गोष्ट होय. प्रस्तुत लेखाचा विषय ही दुसरी गोष्ट आहे.

कोळशाचा कण मोजला जातो तो कसा

लाकूड किंवा गवत अपुऱ्या हवेत जळाले म्हणजे त्याचा कोळसा होतो. हा पदार्थ सहसा कुजत नाही, म्हणून तो गाळात हजारो वर्षे टिकतो. अभ्यासक तळ्याच्या किंवा दलदलीच्या तळात पोकळ नळी दाबून गाळाचा अखंड स्तंभ बाहेर काढतो. तो स्तंभ वरपासून खालपर्यंत समान जाडीच्या चकत्यांत कापला जातो, आणि प्रत्येक चकतीतून ठराविक घनफळाचा, बहुधा एक घन सेंटिमीटरचा, नमुना घेतला जातो. मातीची ढेकळे सुटी व्हावीत म्हणून नमुना रासायनिक द्रावणात भिजवितात, मग बारीक चाळणीवर धुतात आणि चाळणीवर उरलेले काळे कण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजतात. चाळणीची छिद्रे पुष्कळदा १२५ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकी असतात.

चाळणीच्या छिद्राचा हा तपशील किरकोळ वाटला तरी किरकोळ नाही. मोठे कण फार दूर उडत नाहीत, म्हणून ते जवळपासच्या आगीची साक्ष देतात. अतिसूक्ष्म कण वाऱ्यावर कित्येक कोस जातात आणि विस्तृत प्रदेशाची साक्ष देतात. सूक्ष्म कणांची मोजणी परागकणांच्या काचपट्टीवर निराळ्या पद्धतीने होते. कोणी कणांची संख्या मोजतो, कोणी त्यांचे क्षेत्रफळ, तर कोणी रासायनिक रीतीने कोळशाचे वजन काढतो. एकाच तळ्यातील एकाच थराबद्दल असे तीन अभ्यासक तीन निरनिराळे आकडे देतील आणि तिन्ही बरोबर असतील. परंतु आकड्याशेजारी पद्धत लिहिलेली नसेल, तर त्या तिघांची तुलना करणे अशक्य होऊन बसेल.

दुसरी अडचण कालगणनेची आहे. केवळ ‘या थरात इतके कण’ एवढ्यावरून आगीचे प्रमाण ठरत नाही. गाळ मंदगतीने साचला असेल तर एका सेंटिमीटरात अनेक वर्षांचा कोळसा एकवटतो, आणि वेगाने साचला असेल तर तोच कोळसा पातळ होऊन पसरतो. म्हणून कणांच्या घनतेस गाळ साचण्याच्या वेगाने गुणून ‘दर वर्षी दर चौरस सेंटिमीटरवर किती कण पडले’ हे काढावे लागते. समजा, एका घन सेंटिमीटरात ४० कण सापडले आणि गाळ वर्षाला अर्धा मिलिमीटर साचत होता. तर दर वर्षी दर चौरस सेंटिमीटरवर २ कण पडले असा हिशेब होतो. पुढे कालमापनात दुरुस्ती होऊन साचण्याचा वेग पाव मिलिमीटर ठरला, तर हिशेब २ वरून १ वर येतो. प्रत्यक्ष मोजलेले ४० कण मात्र ४० च राहतात. ज्याने आपल्या निबंधात केवळ ‘२’ हा अंतिम आकडा किंवा त्यावरून काढलेला आलेख छापला व मूळ मोजणी फेकून दिली, त्याचे काम या दुरुस्तीबरोबर निरुपयोगी होते. ज्याने ४० हा आकडा, नमुन्याची खोली व घनफळ जपून ठेवले, त्याचे काम कोणीही पुन्हा मांडू शकतो. मोजलेले आणि अनुमानिलेले ही दोन निरनिराळ्या रकान्यांत ठेवावीत, हे या विषयातील दप्तराचे पहिले सूत्र होय.

बोरीची राख : एक थर, अनेक वये

कालमापनात अशा दुरुस्त्या खरोखर होतात काय, अशी शंका घेणाऱ्यास जुन्नर तालुक्यातच उत्तर मिळते. ओतुराच्या आग्नेयेस कुकडी नदीच्या काठी बोरी हे गाव आहे. तेथील नदीकाठच्या गाळात राखेचा एक पांढुरका थर असून त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारे मिळाली आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात या स्थळाचा अभ्यास केला आणि बोरीचे नाव जगभर झाले.

येथे शब्दाविषयी सावध असावयास हवे. मराठीत चुलीतील राख ती राख आणि ज्वालामुखीतून उडालेली तीही राखच. परंतु बोरीची राख कोणत्याही वणव्यातील नव्हे. ती ज्वालामुखीच्या स्फोटात उडालेल्या काचेच्या सूक्ष्म कणांची आहे, आणि तिचा संबंध सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीशी जोडला जातो. भविष्यातील एखाद्या सूचीकाराने केवळ ‘राख’ या शब्दावरून हा थर प्राचीन वणव्यांच्या यादीत घातला, तर ती चूक त्या सूचीकाराइतकीच अपुऱ्या वर्णनाचीही ठरेल.

या एका थराचे वय किती? १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनानुसार ते सुमारे १४ लाख वर्षे होते. १९९५ मध्ये अधिक सूक्ष्म पद्धतीने ते सुमारे ६ लाख ७० हजार वर्षे निघाले. त्याच दशकात काचेच्या रासायनिक घटकांचा अभ्यास करणाऱ्यांनी असे प्रतिपादिले की, ही राख टोबाच्या अगदी अलीकडील महास्फोटाची, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची आहे, आणि जुन्या खडकांचे कण मिसळल्यामुळे आधीची वये फुगली आहेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विवेचनात पुन्हा सुमारे ८ लाख वर्षांच्या बाजूने मत मांडले गेले. हातात दगडी कुऱ्हाड धरलेला मानव कुकडीकाठी नेमका केव्हा वावरत होता, हा प्रश्न या मतभेदावर अवलंबून आहे.

या वादाचा निकाल येथे लावावयाचा नाही. त्यातून मिळणारा धडा एवढाच की, वय बदलते आणि थर तोच राहतो. नमुना कोणत्या जागी, किती खोलीवरून, थराच्या कोणत्या भागातून घेतला. मापन अख्ख्या राखेचे केले की निवडलेल्या कणांचे. नमुन्याचा उरलेला अंश कोठे ठेवला आहे. ही माहिती असेल तरच असा वाद पुढे सरकतो. ती नसेल तर एका मताविरुद्ध दुसरे मत एवढेच उरते.

कोळशाच्या अभ्यासात हाच प्रश्न लहान प्रमाणावर पदोपदी येतो. पन्नास हजार वर्षांच्या आतील गाळाचे वय बहुधा किरणोत्सर्गी कार्बनाने ठरविले जाते. भारतात १९६० नंतरच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत व पुढे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत अशी मापने झाली, आणि ‘टीएफ’ व ‘पीआरएल’ ही अक्षरे व त्यापुढील क्रमांक पुरातत्त्वाच्या वाचकांस परिचित झाले. परंतु जुन्या अहवालांतील वये काही वेळा कार्बनाचे अर्धायुष्य ५५६८ वर्षे धरून, तर काही वेळा ५७३० वर्षे धरून दिलेली आढळतात. दोहोंत शेकडा सुमारे ३ चा फरक पडतो, म्हणजे ३००० वर्षांच्या वयात जवळजवळ ८७ वर्षांचा. शिवाय ‘आजपासून इतकी वर्षे आधी’ यातील ‘आज’ म्हणजे सर्वमान्य संकेतानुसार इसवी सन १९५० होय. त्यानंतर हे कच्चे वय सुधारण्याची कोष्टके वेळोवेळी बदलत आली असून २०२० मध्ये त्यांची नवी आवृत्ती निघाली. म्हणून दप्तरात प्रयोगशाळेचा क्रमांक, कच्चे वय, त्याची संभाव्य चूक, धरलेले अर्धायुष्य व वापरलेले कोष्टक ही पाचही नोंदली पाहिजेत. नुसते सुधारलेले वय म्हणजे उत्तर असून गणित नसलेली उत्तरपत्रिका होय.

वणवा, राब आणि भट्टी

आकड्यांइतकाच शब्दांचाही प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय सूचींत आगीसाठी सामान्यतः एकच शब्द वापरला जातो. सह्याद्रीच्या परिसरातील माणूस मात्र निरनिराळ्या आगींस निरनिराळी नावे देतो आणि ती नावे कारणभेद दाखवितात. वणवा म्हणजे रानात आपोआप किंवा कोणाच्या हातून लागलेली व हाताबाहेर गेलेली आग. राब म्हणजे रोपे टाकावयाच्या जागेवर शेण, पालापाचोळा व तोडलेल्या फांद्या पसरून ठराविक वेळी, ठराविक तुकड्यावर, राखण करून केलेले भाजणे. पश्चिम जुन्नर व आंबेगावातील महादेव कोळी व इतर शेतकऱ्यांच्या भातशेतीचा तो भाग आहे. कोळसा पाडणे हा आणखी निराळा उद्योग. त्यात भट्टीवर माती लिंपून लाकूड मुद्दाम कोंडून जाळावयाचे असते. घराच्या चुलीतील व देवळाच्या धुनीतील विस्तव त्याहूनही वेगळा.

तळ्याच्या तळाशी मात्र हे सर्व काळे कणच असतात. त्यांपैकी काहींच्या आकारावरून व पेशींच्या रचनेवरून गवत, पान की लाकूड हे ओळखता येते, आणि तेवढ्यावरून अनुमानास आधार मिळतो. लांबट व चपट्या कणांचे प्रमाण अधिक असेल तर गवताची आग संभवते. पण गवताची आग वणव्याची की राबाची, हे कण सांगत नाहीत. ते सांगावयाचे तर सभोवतालच्या जमिनीचा वापर, त्याच थरातील पिकांचे परागकण आणि परिसरातील वसाहतींचा इतिहास यांची जोड लागते. घोड नदी आंबेगावातील डोंगरांत उगम पावून पूर्वेस वाहते. तिच्याच काठी शिरूर तालुक्यात इनामगावची ताम्रपाषाणयुगीन वसाहत डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनित केली. म्हणजे या खोऱ्यात तीन सहस्र वर्षांपूर्वीही शेती करणारी, चूल पेटविणारी गावे होती. अशा प्रदेशातील गाळात कोळसा वाढलेला दिसला की तो ‘प्राचीन वणवा’ म्हणून नोंदणे ही घाई ठरेल.

म्हणून ‘निरीक्षण’ व ‘अर्थ’ हे रकाने वेगळे असावेत. निरीक्षणाच्या रकान्यात ‘१२५ मायक्रॉनहून मोठे काळे कण, संख्या, आकार’ एवढेच यावे. अर्थाच्या रकान्यात ‘वणवा’, ‘राब’ किंवा ‘अनिश्चित’ यांपैकी काय ते, कोणी व कोणत्या आधारावर ठरविले यासह यावे. स्थानिक शब्द भाषांतरात गाळून टाकू नयेत. ‘राब’ याचे भाषांतर नुसते ‘शेतातील आग’ असे झाले की त्यातील राखण, ऋतू व मर्यादा ही तिन्ही निघून जातात, आणि उरलेला शब्द वणव्याच्या शेजारी जाऊन बसतो.

नाणेघाटातील नावे

नोंदीच्या नोंदीचे महत्त्व पटविण्यास जुन्नर परिसरात एक प्राचीन उदाहरण आहे. नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज त्या प्रतिमा नष्ट झाल्या असून जेमतेम पावलांच्या खुणा उरल्या आहेत. परंतु प्रत्येक प्रतिमेच्या डोक्यावर ब्राह्मी अक्षरांत तिचे नाव लिहिलेले होते, आणि त्यांतील अनेक नावे शाबूत आहेत. त्यांमुळे सिमुक, सातकर्णी, नायनिका, हकुसिरि ही माणसे इतिहासास मिळाली. मूर्ती गेल्या तरी मथळ्यांनी त्यांची ओळख राखली.

याच्या उलट स्थिती कल्पून पाहावी. मूर्ती सर्व शाबूत असत्या आणि नावे झिजून गेली असती, तर अभ्यासकांपुढे अनोळखी पुरुष व स्त्रिया उभ्या राहिल्या असत्या. त्यांच्या वस्त्रालंकारांची चर्चा झाली असती, वंशावळ मात्र हाती लागली नसती. गाळाचे स्तंभ शीतकपाटात उत्तम स्थितीत आहेत, पण नळीवरील खुणेची शाई पुसली आहे, ही अवस्था तशीच होय. वरचे टोक कोणते व खालचे कोणते हे ठाऊक नसलेला स्तंभ हा चिखलाचा गोळा आहे.

जगाचे दप्तर आणि त्यातील रिकामी जागा

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोळशाच्या मोजण्या ज्याच्या त्याच्या टाचणवहीत किंवा प्रबंधाच्या परिशिष्टात राहत असत. पुढे अनेक देशांच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन प्राचीन आगींचा जागतिक कोळसाकोश उभारला. २००८ मध्ये त्यावर आधारलेले पहिले मोठे विवेचन प्रसिद्ध झाले, त्यात चारशेहून अधिक स्थळांचा समावेश होता. २०१६ मधील आवृत्तीत ही संख्या ७३६ वर गेली. २०२२ मध्ये इंग्लंडमधील रेडिंग येथील अभ्यासकांनी १४८० स्थळांवरील १६७६ नोंदींचा कोश प्रसिद्ध केला. त्यांनी केवळ भर घातली असे नव्हे. शक्य तेथे २०२० च्या कोष्टकानुसार कालगणना नव्याने करून घेतली. ज्यांनी कच्ची वये व खोली दिली होती, त्यांच्याच नोंदींवर हा संस्कार करता आला, हे निराळे सांगावयास नको.

निरनिराळ्या एककांतील मोजण्या एकत्र कशा आणतात, हेही पाहण्यासारखे आहे. प्रत्येक स्थळाच्या मालिकेतील टोकाचे चढउतार गणिती रीतीने मवाळ करतात आणि एका ठराविक कालखंडाच्या सरासरीशी तिची तुलना करून ती मालिका ‘सरासरीहून किती वर, किती खाली’ या स्वरूपात मांडतात. त्यामुळे अमक्या तळ्यात कण किती यापेक्षा तेथे आग केव्हा वाढली व केव्हा घटली हे अनेक तळ्यांतून एकत्र वाचता येते. या प्रक्रियेत मूळ आकडा लोपतो. म्हणूनच मूळ आकडा स्वतंत्रपणे जपणे आवश्यक ठरते.

या जागतिक नकाशावर युरोप व उत्तर अमेरिका ठिपक्यांनी गजबजलेल्या आहेत, तर दक्षिण आशिया बराच मोकळा आहे. दख्खनच्या पठारावर खोल नैसर्गिक तळी थोडी. लोणारसारखे सरोवर अपवादात्मक. कुकडी प्रकल्पातील पिंपळगाव जोगे, माणिकडोह, येडगाव, वडज व डिंभे ही धरणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील व त्यानंतरची, म्हणजे त्यांच्या गाळात काही दशकांचीच कथा असणार. त्यामुळे सह्याद्रीतील प्रत्येक दलदल, देवराईतील प्रत्येक जुने टाके मोलाचे आहे, आणि तेथून एकदा घेतलेला नमुना वाया जाऊ देणे परवडणारे नाही. पश्चिम घाटातील सदाहरित वनांविषयी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गेल्या ४००० वर्षांत आगीचे दोन काळ दिसून आले : सुमारे १८०० ते १४०० वर्षांपूर्वीचा आणि गेल्या ४०० वर्षांचा. दोन्ही काळ कोरड्या हवामानाशी जुळतात. उत्तर सह्याद्रीत, ओतूर-जुन्नरच्या पट्ट्यात, असेच घडले की निराळे, हे तेथील गाळाच नव्हे तर तेथील दप्तरही ठरविणार आहे.

दप्तर कसे असावे

वरील विवेचनाचे सार व्यवहारात आणावयाचे तर फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. जुन्नर तालुक्यातच खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिची निरीक्षणे संग्रहात ठेवली जातात आणि ठराविक मुदतीनंतर ती इतर अभ्यासकांस खुली होतात. निरीक्षकाला पहिला हक्क, परंतु कायमचा एकाधिकार नाही, हे तत्त्व तेथे रुळले आहे. कोळशाच्या मोजणीचा पसारा त्यापुढे नगण्य. एका तळ्याची सर्व नोंद काही पानांत मावते. अडचण जागेची नसून सवयीची आहे.

प्रत्येक स्थळाची नोंद चार भागांत असावी. पहिल्या भागात स्थळ : नाव, अक्षांश-रेखांश, उंची, पाणलोटाचा विस्तार, सभोवतालची वनस्पती व जमिनीचा वापर. दुसऱ्यात स्तंभ व नमुने : तारीख, साधन, वरचे टोक, प्रत्येक चकतीची खोली व घनफळ, चाळणी, द्रावण, मोजणी करणारी व्यक्ती. तिसऱ्यात कालमापने, वर सांगितलेल्या पाच बाबींसह. आणि नाकारलेली मापनेही, नाकारण्याच्या कारणांसह. चौथ्यात अनुमाने. प्रत्येक दुरुस्तीस नवा क्रमांक व तारीख द्यावी आणि जुनी प्रत पुसू नये. ‘शून्य कण मिळाले’ आणि ‘मोजणी केली नाही’ यांसाठी वेगळी चिन्हे वापरावीत. रिकामा रकाना या दोहोंपैकी काहीही असू शकतो, आणि पुढचा वाचक त्यास बहुधा शून्य समजतो. हे सर्व साध्या, कोणत्याही यंत्रावर उघडेल अशा कोष्टकात लिहून निदान दोन ठिकाणी ठेवावे, त्यांपैकी एक आंतरराष्ट्रीय कोश असावा. स्तंभाचा अर्धा भाग अस्पर्श राखून ठेवावा, कारण उद्याची पद्धत आज ठाऊक नाही.

या काटेकोरपणाची गरज केवळ विद्वानांना नाही. सह्याद्रीतील रान कोणी जाळले, राबाने डोंगर उघडे पडले काय, वणव्यांचे आजचे प्रमाण अपूर्व आहे की पूर्वीही असेच होते, हे प्रश्न वनरक्षण व शेती या दोहोंच्या धोरणास भिडतात. त्यांची उत्तरे अपुऱ्या नोंदीवरून दिली गेली, तर ज्याने आपल्या तुकड्यावर राखण करून राब भाजला त्याच्या माथी दुसऱ्याच्या वणव्याचा दोष बसू शकतो. किंवा खरोखर वाढलेला वणवा ‘हे तर पूर्वापार चालत आले आहे’ म्हणून दुर्लक्षिला जाऊ शकतो. गाळ या दोहोंपैकी कोणाचीही बाजू घेत नाही. त्याची साक्ष मात्र मोजणाऱ्याने जेवढी व जशी लिहून ठेवली, तेवढीच पुढच्यास ऐकू येते.